मुरमातल्या खुंट्या

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला माळ आहे. तिथं माती म्हणावी अशी नाहीच. बोटभर धूळ, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली खडक. घरकुल मंजूर झालं तेव्हा जुनी जागा अपुरी भरली, म्हणून या माळावरचा तुकडा मिळाला. जुनं घर पाडून त्याचे पत्रे आणि दारं विकली होती. नवं घर उभं राहीपर्यंत पायाच्या शेजारीच ताडपत्रीचं पाल ठोकून राहायचं ठरलं. पालात आम्ही तिघंच. मी, माझा नवरा आणि माझी सासू. दोन्ही पोरं सुट्टीला माझ्या भावाकडं घनसावंगीला पाठवली होती.

पाल ठोकायच्या दिवशी खुंट्या काही केल्या आत जाईनात. नवरा स्लॅबच्या कामावर जातो, त्यानं तिथूनच सळईचे हातभर तुकडे आणले होते. घण बसला की सळई वाजायची, ठिणगी उडायची आणि खुंटी आडवी व्हायची. दोन वाकल्या. मग त्यानं आमच्याकडं सगळे करतात तेच केलं. खुंटीच्या जागी पहारीनं टोचा मारला आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. अशा सहा जागा केल्या आणि पाणी मुरायला ठेवलं.

काळ्या रानात हे बरोबर असतं. बैलाची मेख अशीच ठोकतात. माती भिजते, मेख जाते आणि वाळताना माती तिला आवळून धरते. मुरमाचं तसं नसतं. मुरमातल्या खड्यांना जी थोडी माती धरून असते, तीच पाण्यानं सुटते. खुंटी आत जाते, पण तिला धरणारं काही राहत नाही.

हे मला माहीत होतं. माझे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. काम जिथं, तिथं आमचं पाल. भोकरदनपासून अजिंठ्याच्या रस्त्यापर्यंत आम्ही किती ठिकाणी राहिलो ते मोजलेलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली ती त्यामुळंच. अक्षर सुटलं नाही, ते मी धरून ठेवलं.

मी म्हटलं, "ओ, ते पाणी…"

"काय पाणी?" नवऱ्यानं घाम पुसत विचारलं.

तेवढ्यात दगडावर बसलेली सासू म्हणाली, "हिला काय, ही पालातच वाढली. जड जाईल ते आपल्याला."

ती हे रागानं म्हणत नाही. पण लग्न होऊन चौदा वर्षं झाली आणि चौदा वर्षं ती हे कुणाच्याही पुढं म्हणते. पालाविषयी आपण होऊन एक शब्द बोलायचा नाही, असं मी कधीचंच ठरवून टाकलं होतं.

"काही न्हाई," मी म्हटलं. "जेवायला चला."

जेवण झाल्यावर त्यानं घण मारला आणि खुंट्या सरळ आत गेल्या. सहाच्या सहा. "डोकं लागतं याला," तो म्हणाला. मी दोऱ्या धरून उभी होते. दोरी ताणली की खुंटीच्या बुडाशी मुरूम किंचित हलत होता. मी ते पाहिलं आणि गाठ मारली.

पाल उभं राहून पंधरा दिवस झाले आणि सासूच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. मोतीबिंदू दोन्हीकडं होता, उजवा जास्त पिकला होता. जालन्याच्या दवाखान्यात उजव्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून काळा चष्मा दिला. तिथल्या नर्सबाईंनी मला समोर बसवून एकेक गोष्ट सांगितली. दिवसातून सहा वेळा थेंब. तोंडावर पाणी नाही. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, डोळा चोळायचा नाही. आणि धूळ बिलकुल जाऊ द्यायची नाही. "जखम ओली आहे, बरं का. घाण गेली, पू झाला, तर डोळा जाईल. परत मिळत नाही तो."

मी मान हलवली. आम्ही कुठं राहतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

नणंदेचं घर हसनाबादला आहे, पक्कं आहे. नवरा म्हणाला, "माय, आठ दिस तिकडं राह्य." सासू म्हणाली, "अन् हितं सिमेंट कोण बघंल? तू कामावर, ही तोंडातून शब्द काढत न्हाई. पोतंच्या पोतं उचलून नेतील लोकं हिच्यासमोरून अन् ही पदर सावरत बघत बसंल." ती पालातच राहिली.

मी पालाच्या तिन्ही बाजूंनी जुनी लुगडी आतून बांधली. जमिनीवर शेण कालवून सडा घातला, तो वाळला की परत घातला. चूल बाहेर नेली. दोन वेळा खाली झाडायचं सोडून मी ओल्या फडक्यानं पुसून घेत होते. सासूची बाज मधे होती आणि बाजेच्या पश्चिमेला धान्याची पत्र्याची कोठी. हे सगळं बराबर होतं. फक्त पश्चिमेच्या तीन खुंट्या मला दिवसभर दिसत राहायच्या. थेंब टाकताना दिसायच्या, भाकरी थापताना दिसायच्या. रोज सकाळी नवरा गेला की मी जाऊन त्या पायानं दाबून यायची. मधली रोज थोडी सैल लागायची. आज सांगू, म्हणायची. संध्याकाळी तो थकून यायचा आणि सासू बाजेवर जागीच असायची. मग उद्या सांगू.

ऑपरेशनला पाचवा दिवस होता. उन्हाळा कडक होता आणि त्या दुपारी पानही हलत नव्हतं. चारच्या सुमारास मी सासूला थेंब टाकले आणि बाहेर येऊन पाहिलं, तर पश्चिमेला आभाळ काळं नव्हतं, मातकट झालं होतं. खालच्या रानातून धुळीची भिंत वर सरकत होती. विहार आमच्यापासून दोनशे पावलांवर आहे, तिथं पक्की खोली आहे. तिला तिथं न्यावं असं मनात आलं आणि त्याच वेळी पहिला झोत येऊन अंगावर आदळला. आता बाहेर काढलं तर ती दोनशे पावलं धुळीतूनच.

आत येऊन मी दाराचा पडदा बांधला.

"काय झालं गं?" सासूनं विचारलं.

"वारा येऊन राह्यला, आत्याबाई. उठू नका."

"उठायला काय झालंय मला. ते सिमेंट झाकलं का?"

ताडपत्री एकदा आत ओढली गेली आणि मग अशी फुगली की पालाला आधार देणाऱ्या दोन्ही मेढी जमिनीवरून उचलल्यासारख्या वाटल्या. मग पश्चिमेकडून एक बारीक आवाज आला. दात उपटतात तसा. मधली खुंटी निघाली होती.

मी बाहेर धावले. खुंटी दोरीला बांधलेली होतीच. आता ती दोरीच्या टोकाला हवेत फिरत होती, हातभर लोखंड, आणि फिरून फिरून ताडपत्रीवर आपटत होती. एका फटक्यात ताडपत्री बोटभर फाटली. त्या जागेच्या पलीकडंच बाज होती. मला दोरी पकडता येईना. एकदा खुंटी माझ्या दंडाला लागली, हात बधिर झाला. चुलीजवळ गोधडी वाळत घातली होती, ती ओढून मी दोरीवर फेकली आणि स्वतः तिच्यावर पडले. दोरी खाली दबली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि पाय रोवले, तर पायाखालचा मुरूमच सरकायला लागला.

तेव्हा मी घाबरून चुकीचं केलं. पायाच्या कामासाठी काळे दगड आणून टाकले होते, त्यातला एक मोठा लोळवत आणला आणि दोरी त्यालाच गुंडाळली. पुढच्या झोतासरशी दगड खरवडत दोन हात पालाकडं गेला आणि दोरी त्याच्यावरून निसटली. दुसरी, कोपऱ्यातली खुंटीही आता वर येत होती. बोटभर, मग चार बोटं.

आतून सासू ओरडली, "अगं, काय करून राह्यली तू तिथं? मेढ हलून राह्यली!"

आणि मला फटीतून दिसलं, ती बाजेवरून उठली होती. दोन्ही हात वर करून तिनं मेढ धरली होती आणि सगळा जोर लावून ती दाबत होती. काळा चष्मा खाली पडला होता. लुगडी सुटून आत धूळच धूळ झाली होती आणि ती तोंड वर करून उभी होती.

चौदा वर्षांत मी तिच्यासमोर आवाज चढवला नव्हता. कुणाच्याच समोर चढवला नव्हता. तो माझ्यातून कसा निघाला मला सांगता येणार नाही.

"सोडा ते! आत्याबाई, हात सोडा! डोळे मिटा!"

"मंग पाल उडू देऊ का?"

"उडू द्या! जाऊ द्या ते! डोळे मिटा म्हणते ना!"

मी दोरी सोडून आत गेले. तिला खांद्याला धरून कोठीच्या आडोशाला खाली बसवलं. वाकू दिलं नाही, पाठ सरळ ठेवून बसवलं. चष्मा सापडला, पण धुळीनं भरलेला, तो लावता येणार नव्हता. ट्रंकेतलं धुतलेलं लुगडं काढून मी तिच्या डोक्यावरून घेतलं आणि तोंडापुढं सैल सोडलं, डोळ्याला न टेकवता.

"जिवंतपणी तोंड झाकलं माझं," ती आतून म्हणाली.

"डोळा चोळू नका. हात मांडीखाली घ्या. बिलकुल बाहेर काढू नका."

तिनं खरंच हात मांडीखाली घेतले.

बाहेर आले तेव्हा पश्चिमेकडची दुसरी खुंटीही निघालेली होती. ताडपत्री त्या बाजूनं उलटी होऊन आढ्यावर फडफडत होती. पश्चिमेला आता एकच दोरी पाल धरून होती. मी उभी राहिले. एक क्षणभरच, पण उभी राहिले, आणि वडील कसे करायचे ते डोळ्यांपुढं आणलं. खडी मशीनजवळ आम्ही राहायचो तिथं तर मुरूमही नसायचा, नुसती खडी. वडील खुंटी कधी ठोकतच नसत. दगडाला दोरी बांधू नको म्हणायचे, दगड गोल असतो, तो लोळतो. दोरी लाकडाला बांध. लाकूड दोरीला आडवं ठेव आणि लाकडाच्या पुढं दगड लाव, पालाच्या बाजूनं. वारा ओढंल तेवढं लाकूड दगडात रुतंल.

सरपणात बाभळीची लाकडं होती. हातभराचं जाड लाकूड घेतलं. दोरी ओढून आणली आणि लाकडाच्या मधोमध दोन वेढे देऊन बांधली. पालापासून जेवढं लांब नेता येईल तेवढं नेलं. दोरी जवळ असली की उभी राहते, वारा तिला वर उपटतो. लांब नेली की ती जमिनीसरशी निजते. लाकूड आडवं टाकलं. त्याच्या पुढं, दोरीच्या दोन्ही अंगांना, दोन काळे दगड लावले, मग त्यांच्यावर तिसरा. झोत आला. लाकूड ओढलं गेलं, दगडांना खटकन लागलं आणि तिथंच थांबलं. दगड हलले, पण एकमेकांत बसले. मी आणखी दगड आणून रचत गेले. नंतर घराच्या पायातून निघालेला मुरूम रिकाम्या सिमेंटच्या पोत्यात भरला, अर्धंच पोतं, कारण पूर्ण मला ओढता येईना, आणि ते वरून टाकलं.

दुसऱ्या दोरीला वेळ लागला. ती वर उडालेली होती, तिच्यासाठी मला ताडपत्रीचं टोक धरून खाली ओढावं लागलं. नखं निघतील असं वाटत होतं. धूळ माझ्या तोंडात, नाकात, डोळ्यांत. मला काहीच नीट दिसत नव्हतं, लाकूड हातानं चाचपून बांधलं. दोरी दगडाच्या धारेवर घासत होती, ती तुटेल म्हणून पदराचा काठ फाडून मधे घातला. शेवटची खुंटी अजून जमिनीत होती, पण तिच्यावर माझा भरवसा नव्हता. ती निघायच्या आधीच मी तिची दोरी सोडून लाकडाला बांधली.

वारा अर्धा तास राहिला असेल, कमीही असेल. पाऊस चार थेंबच पडला. पाल वाकडं झालं होतं, पण उभं होतं.

आत गेले. सासू तशीच बसली होती, लुगड्याखाली, हात मांडीखाली. मी हात धुतले, साबणानं दोनदा धुतले. मग लुगडं उचललं. तिचा उजवा डोळा लाल होता.

"टोचतंय का?"

"न्हाई."

"खरं सांगा."

"न्हाई म्हणलं ना. थेंबानं चुरचुरतंय. तुझा दंड बघ आधी, केवढा सुजला."

नवरा आला तेव्हा अंधार पडायचा होता. त्यानं दगडांचे ढीग पाहिले, लाकडं पाहिली, उपटून पडलेल्या सळया उचलून हातात घेतल्या. "हे कोणी केलं?" त्यानं विचारलं. सासू म्हणाली, "तिनंच. दुसरं कोण आल्तं हितं?" धूळ डोळ्यात गेल्याचं तिनं सांगितलं नाही. मी तिच्याकडं पाहिलं, तिनं तोंड फिरवलं. मीही बोलले नाही.

पुढचे दोन दिवस मी सांगू शकत नाही कसे गेले. दर थेंबाला मी तो डोळा बघायची. लाली कमी होत नव्हती. सकाळी पापणी चिकटलेली असायची. मी म्हटलं, जल्दी दवाखान्यात जाऊ. सासू म्हणाली, सातव्या दिवशी जायचंच आहे, दोनदा गाडीचं भाडं कशाला. ती झोपली की मी जवळ जाऊन पू दिसतो का बघत बसायची. त्या दिवशी "ते पाणी" एवढं बोलून मी गप्प बसले नसते, तर खुंट्या बदलल्या असत्या. वीस दिवस होते माझ्याकडं. हा डोळा गेला तर तो वाऱ्यानं नाही, माझ्या गप्प बसण्यानं गेला, हे फक्त मला माहीत होतं.

सातव्या दिवशी जालन्याला गेलो. नवऱ्याचा स्लॅब होता, आम्ही दोघीच. दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर तरुण होते, फार घाईत होते. त्यांनी बॅटरीनं डोळा पाहिला.

"लाल आहे जरा. आजी, चोळला का?"

"न्हाई बा."

"धूळबीळ गेली का काही?"

"न्हाई, न्हाई. घरातच बसून व्हते मी."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहायला घेतलं. नर्सबाईंनी पुढच्याचं नाव पुकारलं. सासूनं माझा हात धरला, चल म्हणून. तिची भीती मला कळत होती. धूळ गेली म्हटलं की हे ठेवून घेतील, परत कापतील.

"गेली," मी म्हटलं.

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. डॉक्टर लिहीत राहिले.

"साहेब, धूळ गेली." या वेळी मोठ्यानं आलं. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. "आम्ही पालात राहतो. माळावर. परवा वारा आल्ता, खुंट्या निघाल्या. यांचा चष्मा पडला होता. डोळे उघडे होते. सकाळी पापणी चिकटते."

सासू म्हणाली, "हिचं नका ऐकू, ही घाबरट आहे."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आजी, इकडं या. हनुवटी इथं ठेवा."

त्यांनी तिला मशीनपुढं बसवलं. बराच वेळ पाहिलं. मग कापसाची बारीक काडी घेतली, वरची पापणी उलटी केली आणि काडी हळूच फिरवली. सासूची बोटं माझ्या मनगटात रुतली होती. डॉक्टरांनी काडी मला दाखवली. टोकाला मुरमाचा कण होता, राजगिऱ्याच्या दाण्याएवढाही नाही.

"पापणीच्या आत होता. प्रत्येक वेळी डोळा मिटला की घासत होता. आणखी चार दिवस राहिला असता तर…" त्यांनी पुढचं सांगितलं नाही. "जखम शाबूत आहे. पण जंतुसंसर्ग झालाय थोडा, औषध बदलतो. दर तासाला थेंब. तीन दिवसांनी परत यायचं. आणि पालात नाही ठेवायचं यांना."

"न्हाई ठेवणार," मी म्हटलं. सासूनं काही म्हणायला तोंड उघडलं. "हसनाबादला नणंद आहे माझी. आजच नेते. इथूनच."

मग नर्सबाईंनी सासूला भिंतीवरच्या तक्त्यापुढं बसवलं. तिला अक्षरं येत नाहीत, म्हणून तीन दातांच्या फणीसारख्या खुणांचा तक्ता होता. फणीचे दात ज्या बाजूला, त्या बाजूला बोट दाखवायचं. डावा डोळा झाकला. मोठी खूण तिनं लगेच दाखवली. वर. दुसऱ्या ओळीला खाली, मग उजवीकडं. तिसऱ्या ओळीला ती थांबली. डोळ्यातून पाणी येत होतं, पुसायला हात वर गेला.

"चोळू नका," मी म्हटलं.

तिनं हात खाली घेतला आणि मांडीखाली सारला. मग लक्षात आलं की बोट दाखवायचं आहे, म्हणून दुसरा वर काढला. नर्सबाई काठी खुणेवर ठेवून थांबल्या होत्या. मी त्या खुणेकडं पाहिलं नाही. मी तिच्या बोटाकडं बघत होते. ते हवेत जरा हललं, आणि डावीकडं वळलं.

"बरोबर," नर्सबाई म्हणाल्या आणि काठी खालच्या ओळीवर नेली.